झालर हिरवी, तोंड केशरी

चटईच्या कारखान्यात मी रंग जुळवते,
जळगाव, एमआयडीसी, एकोणीस वर्षं.
मागच्या लॉटचा मेंदी आणि या लॉटचा मेंदी
एकच की वेगळा, हे माझ्या डोळ्यावर ठरतं.
म्हणून प्रल्हाद फेगडे रविवारी दुपारी आला,
पोरगं तापानं फणफणल्यासारखा,
म्हणाला, वयनी, चाल.
पाह्यजो बरं, हा कोन्ता व्हय.

त्याच्या मागच्या खोलीत समुद्र आहे.
तीन फूट बाय दीड,
मीठ मोजून घातलेला.
बाहेर पंचेचाळीस, आत सव्वीस.
माणसांना कूलर, प्रवाळांना चिलर.
रजनी यावर बोलत नाही,
विजेचं बिल फक्त टीव्हीला टेकवून ठेवते,
येता-जाता दिसेल असं.

त्यानं निळा दिवा लावला
आणि दगडावर बटणं पेटली.
सदऱ्याची असतात तेवढीच,
पण प्रत्येकाला तोंड, प्रत्येकाला झालर,
पाणी हललं की झालर हलते.
लग्नात व्याह्यांची ओळख करून द्यावी
तसा तो एकेकाचं सांगू लागला:
ही लाव्हा क्वीन, हिची आई चेन्नईची.
हा मिडनाइट पपाया.
ही कॉस्मिक जेली, एका तोंडाचे अडीच हजार.
आणि हा कोपऱ्यातला,
थर्माकोलच्या डब्यात कोचीहून आला,
चिठ्ठी वाटेत भिजून गेली.
पपाया निघाला तर चार हजार,
नाही निघाला तर तीनशे.

फरक काय दोघांत?
पपायाच्या झालरीला जांभळी रेघ असते.
याच्या पपायाला आहे?
फोटोत असते, तो म्हणाला.

मी म्हटलं, निळा बंद कर.
तो घुटमळला.
मग साधी ट्यूब लागली
आणि क्वीन, जेली, पपाया, सगळे
कळण्याच्या भाकरीच्या रंगाचे झाले.
आमच्याकडे असं रोज होतं.
दोन शेड एका उजेडात सख्ख्या बहिणी,
दुसऱ्यात ओळख दाखवत नाहीत.
आम्ही तुकडा खिडकीपाशी नेतो.
समुद्र कसा नेणार?

माझ्या सासूच्या अंगठीत पोवळं होतं.
सराफ बाजारात मंगळासाठी घेतलेलं,
रतीवर तोललं, लाल आहे एवढं पाहिलं.
त्याची आई कोण, कुणी विचारलं नाही.
तेही कधी कुणाचं घर असणार,
हे मला त्या खोलीत पहिल्यांदा सुचलं.

निळा दिवा परत लावून मी खाली बसले.
झालर: बामणोदच्या वांग्याचा,
देठाच्या टोपीखाली लपलेला हिरवा.
तबक: मेहरुणचं बोर,
पिकायच्या आदल्या दिवशीचं.
तोंड केशरी, पण जिलबीचं नाही,
केळफुलाची सालं काढत गेलं
की आत एक क्षण दिसतं तसलं.
प्रल्हाद लिहून घेत होता.
मग पेन थांबलं.
वयनी, हे कोणी विकत घेईन का?

मे महिन्यात फीडर उडाला.
अकरा तास.
प्रल्हादनं बर्फाच्या बाटल्या सोडल्या,
रजनी पुठ्ठ्यानं वारा घालत होती.
(हो, तीच.)
सकाळी क्वीन साबणासारखी विरघळलेली,
जेली नव्हतीच,
पपायाच्या जागी पांढरा फेस.
कोपऱ्यातला तेवढा अर्धा उघडला.
झालर आता हिरवी म्हणवेना,
राखेत हळद सांडल्यासारखी.
माझंच वर्णन मला लावता येईना.

नाशिकहून एकाचा फोन आला,
कुठला आहे, नाव काय?
प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं.
मी पपाया म्हणाले असते
तर चिलरचा हप्ता निघाला असता.
मी काही बोलले नाही.
तो म्हणाला, नाव नाही त्याला.
पलीकडून दोनशे आले.
त्यानं फोन ठेवला
आणि पाण्याचं मीठ तपासू लागला.

सोमवारी मेंदीचा नवा लॉट आला,
अर्ध्या शेडनं गडद.
सुपरवायझर लाल शिक्का घेऊन उभा.
मी तुकडा खिडकीपाशी नेला,
बराच वेळ पाहिला,
आणि पास केला.